नमुना क्रमांक सतरा

बाटलीवर नाव घातलं नाही, फक्त सतरा लिहिलं.
पट्टी बुडवली, काढली, कडेला टेकवून निथळली,
आणि साठ सेकंद
उदगीरच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या घड्याळाकडे बघत राहिले
ज्यात दिवाळीला मीच सेल घातला होता.

पिवळा चौकोन हिरवा झाला.
घाट्यात भरलेल्या हरभऱ्यासारखा, दाट.
मी डबीवरची मुदत तपासली. मार्चपर्यंत होती.
दुसरी पट्टी.
मग स्पिरिटचा दिवा पेटवून नळी वरच्या टोकाला तापवली,
जुन्या पद्धतीनं.
दूध नासावं तसं सगळं पांढरं.
नऊ वर्षांत किती जणींना हे लिहून दिलं मी,
तीन अधिक चिन्हं, खाली सही,
आणि खिडकीतून हाक मारली: पुढची.

निलोफर सिस्टर पट्टा बांधताना म्हणाल्या,
"तुझी चप्पल कधीपासून बसंना गं तुला?"
पंधरा दिवस झाले, शिवकांतची घालूलाले.
"आन अंगठी?"
साबण लावून काढली. डब्यात हाय.
मग त्या बोलल्या नाहीत. पारा
एकशे पन्नासच्या वर ठोके देत राहिला.

बिरादार मॅडम म्हणाल्या, उद्यापासून नाही, आत्तापासून.
डाव्या कुशीवर. मीठ बंद.
सदतिसावा लागू दे, मग बघू.
चौतिसावा चालू होता.

मी हिशेब आधीच मांडून ठेवलेला.
रजा एकशे ऐंशी दिवस.
कळा येईपर्यंत काचपट्ट्या बघायच्या,
म्हणजे सगळेच्या सगळे दिवस लेकराच्या वाट्याला.
पालथं पडेल, बसेल, उष्टावण होईल,
मग मी बस धरीन.
आता पहिले एकवीस मी एकटीच खाणार,
त्याच्या ताटातले, ते यायच्या आधी.

मुळेबाबूंनी अर्ज डोळ्यांपासून लांब धरला.
"यात आजार टाकू का बाळंतपण?"
आजाराचे किती शिल्लक?
"नऊ."
मग आधी नऊ आजार, नंतर बाळंतपण.
"म्हणजे नऊ दिवस तुम्ही आजारी,"
ते अगदी मनापासून म्हणाले,
"आणि दहाव्या दिवशी गरोदर."
शिक्का दोनदा उमटला. शाई कमी होती.

दोन दिवसांनी येळवस.
शिवकांत थांबतो म्हणाला, मीच लोटलं त्याला.
बिंदग्यात आंबील, पातेल्यात भज्जी,
पहाटे सगळी गल्ली शेताला निघून गेली.
दारोदार कुलपं. कुत्रंसुद्धा नाही.
भिंतीकडं तोंड करून मी
आणि उशाशी झाकलेली माझी वेगळी वाटी, बिनमिठाची.
दुपारी चाखली.
तूर तुरीसारखी लागली, वाटाणा वाटाण्यासारखा,
चिंच एका कोपऱ्यात आंबट.
एका वाटीत बसून
कुणी कुणाला ओळखत नव्हतं.

ॲप्रन धुवायला काढला तेव्हा खिशात निघाला
पांढऱ्या पेशी मोजायचा काउंटर.
अंगठ्याखाली खटका, तीन आकडे, एक कायम अडकणारा.
दोन तासांत दहा लाथा, मॅडमनी सांगितलंय.
खट्.
मग बराच वेळ काही नाही.
मग बरगडीखाली एकदम दोन.
खट्. खट्.

गंगासागरचा फोन आला. नवीन पोरगं, अजून घाबरतं.
"ताई, काउंटर कुटं ठेवलाव? सापडंना."
बघ की, वरच्या ड्रॉवरात.
खट्.
"न्हाई ओ."
मग खालच्यात बघ, म्हणाले,
आणि तो ड्रॉवर ओढत असताना
फोन कानाला तसाच धरून
पाचवीची वाट बघत पडून राहिले.